वाहतुकीवरचा तांत्रिक लेख एडिट करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात बसून वाहतुकीवरचे तांत्रिक लेख एडिट करते, मराठीतले पण आणि इंग्रजीतले पण. लिहिणारे म्हणजे एमटेकचे विद्यार्थी, कन्सल्टन्सीत काम करणारी मंडळी, रिटायर झालेले इंजिनिअर, आणि मधूनमधून एखादा कार्यकर्ता ज्याने स्वतः चौकात उभं राहून गाड्या मोजल्यात. फोनवर, व्हॉट्सॲपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात म्हणून ते इथे एकत्र केलेत. उदाहरणं बहुतेक पुण्याची आहेत कारण हे रस्ते रोजच्या पायाखालचे, पण लेख ढाक्याचा असो की नैरोबीचा, तपासायची रीत तीच. नंबर दिलेत कारण एका उत्तरातून दुसऱ्यात जावं लागतं.

१. ताई, मी सिव्हिलचा नाही, भाषेचा माणूस आहे. असला लेख मी एडिट करू शकतो का?

करू शकता, बिनधास्त करा. सूत्रं सोडवायची नसतात, पण हा आकडा कुठून आला, कधी मोजला, आणि त्यात कुणाला मोजलं आणि कुणाला सोडलं हे विचारता आलं पाहिजे. हे तीन प्रश्न विचारायला डिग्री लागत नाही.

माझी पद्धत सांगते. पहिल्या वाचनात काहीच दुरुस्त करायचं नाही, फक्त लेखाचं म्हणणं एका वाक्यात कागदावर लिहायचं, आणि ते लिहिता आलं नाही तर तिथेच लेखकाला फोन लावायचा. दुसऱ्या वाचनात फक्त आकडे, एककं, तक्ते, नावं, तारखा. भाषा तिसऱ्या वाचनात. बरेच जण उलटं करतात, आधी ऱ्हस्व-दीर्घ नीट करत बसतात आणि दोन दिवसांनी कळतं की तो परिच्छेदच उडवायचाय.

२. 'वाहतूक' हा शब्द ट्रॅफिकसाठी वापरायचा की ट्रान्सपोर्टसाठी?

मराठीत हा शब्द दोन्हीकडे चालतो आणि गोंधळाचं मूळ तिथेच आहे. 'पुण्याची वाहतूक समस्या' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर कोंडी येते, पण लेखकाला कदाचित म्हणायचंय की मांजरीतून हिंजवडीला जायला धड बस नाही. या दोन वेगळ्या समस्या आहेत आणि त्यांचे उपाय पण वेगळे. शीर्षकात 'वाहतूक समस्या' दिसलं की मी लेखकाला विचारतेच, गाड्या अडकतात ही समस्या का माणसं पोचत नाहीत ही? उत्तर पहिलं असेल तर 'वाहतूक कोंडी' लिहा, दुसरं असेल तर 'प्रवासाची सोय' किंवा 'सार्वजनिक वाहतूक' असं नेमकं लिहा. 'परिवहन' बरोबर आहे पण खात्याच्या पाटीसारखं वाटतं, आणि 'दळणवळण' लिहिलं की त्यात फोन, पोस्ट सगळंच येतं, तेव्हा तो शब्द जपून.

३. लेन, हेडवे, फ्रिक्वेन्सी, पीसीयू वगैरे शब्दांचं मराठी करायचं की तसेच ठेवायचे?

वाचक जो शब्द तोंडाने बोलतो तो ठेवा, आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ एका वाक्यात सांगा (पीसीयूचा अर्थ प्रश्न ६ मध्ये). फुटपाथ, सिग्नल, डिव्हायडर, फ्लायओव्हर हे आता आपलेच शब्द आहेत. उड्डाणपूल, दुभाजक पण लोक सहज वाचतात, तेव्हा दोन्हीतलं एक धरा आणि लेखभर तेच चालवा.

जपायचं 'मार्गिका' शब्दाला. तो रस्त्यावरच्या लेनसाठी वापरतात, सायकल ट्रॅकसाठी वापरतात आणि पेपरात मेट्रोच्या अख्ख्या लाइनलाही मार्गिकाच म्हणतात. माझ्याकडे आलेल्या एका लेखात एकाच पानावर हे तिन्ही अर्थ होते.

हेडवे आणि फ्रिक्वेन्सी तर हमखास उलटे होतात. हेडवे म्हणजे एक बस गेल्यावर दुसरी यायला लागणारा वेळ, फ्रिक्वेन्सी म्हणजे तासाला किती बस. दर दहा मिनिटांनी बस म्हणजे हेडवे १० मिनिटं, फ्रिक्वेन्सी तासाला ६. आता 'हेडवे वाढवल्यास प्रवाशांची सोय होईल' हे वाक्य व्याकरणात अगदी शुद्ध आहे आणि अर्थाने बरोब्बर उलटं, कारण हेडवे वाढला की थांब्यावर जास्त ताटकळावं लागतं. ही चूक स्पेलचेक कधीच पकडणार नाही.

भाषांतराच्या सॉफ्टवेअरमधून आलेला मजकूर असेल तर आणखी डोळे उघडे ठेवा. 'कोंडीचे मुख्य चालक' असं वाचलं आणि दोन मिनिटं कळेना की चालकांचं काय, मग लक्षात आलं की लेखकाला कोंडीची मुख्य कारणं म्हणायची होती.

४. शेअर रिक्षा, सहा आसनी, वडाप हे शब्द तांत्रिक लेखात चालतील का? गाइड म्हणतात गावठी वाटतं.

चालतील, चाललेच पाहिजेत. विद्यार्थी 'मध्यवर्ती सार्वजनिक वाहतूक' असलं काहीतरी लिहून आणतात, आणि ते वाचून हा रिक्षास्टँडवर उभ्या असलेल्या, चार सीट भरल्या की सुटणाऱ्या गाडीबद्दल चाललंय हे कुणालाही कळत नाही. एकदा व्याख्या द्या की ठरावीक मार्गावर, वेळापत्रक नसताना, सीटप्रमाणे भाडं घेऊन चालणारी वाहनं, आणि मग पुण्यात शेअर रिक्षा आणि सातारा-कोल्हापूरकडे वडाप म्हणा. नैरोबीच्या लेखात मटाटू हा शब्द तसाच ठेवतात, जकार्ताच्या लेखात अंगकोत ठेवतात, मग वडाप का काढायचं?

एक मात्र बघा, की लेखात ही वाहनं फक्त 'अडथळा' म्हणून येतायत का. ज्या भागात बस येत नाही तिथे तीच सार्वजनिक वाहतूक असते, आणि लेखकाने ती मोजलीच नसेल तर प्रवाशांचा तक्ता अर्धा आहे.

५. 'विकसनशील देश' असं लिहावं का? जर्नलच्या रिव्ह्यूअरने आक्षेप घेतलाय.

जागतिक बँकेने २०१६ मध्ये आपल्या विकास निर्देशांकांच्या प्रकाशनातून विकसित-विकसनशील ही विभागणी काढून टाकली, त्यामुळे आक्षेप येतो. अल्प आणि मध्यम उत्पन्नाचे देश असं लिहिता येतं. पण माझं मत विचाराल तर शब्द बदलण्याआधी बघा की तिथे इतका मोठा शब्द हवाच कशाला. सर्वे कर्वे रस्त्यावरच्या तीन चौकांत झालाय आणि निष्कर्षात 'विकसनशील देशांत असे दिसते की' लिहिलंय, तर शब्दाच्या आधी उडीच चुकलीय. कर्वे रस्ता लिहा, पुणे लिहा, आणि ज्या कारणामुळे हे इतर शहरांतही लागू पडेल ते कारण लिहा, म्हणजे दुचाकींचा वाटा मोठा असणं, एकाच लेनमध्ये सगळी वाहनं मिसळून चालणं, फुटपाथ तुटक असणं. मग काठमांडूचा वाचकही स्वतःच ठरवेल की आपल्याला हे कितपत लागू आहे.

६. पीसीयूचे आकडे तपासायचे म्हणजे नेमकं काय तपासायचं?

सगळ्यात जास्त चुका इथेच सापडतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीसीयू म्हणजे पॅसेंजर कार युनिट, वेगवेगळी वाहनं एका मापात आणायची रीत, कार म्हणजे १ धरायची आणि बाकीची वाहनं तिच्या पटीत. आपल्याकडे हे गुणक इंडियन रोड्स काँग्रेसच्या म्हणजे आयआरसीच्या पुस्तिकांतून घेतात, आणि गंमत म्हणजे १९९० सालच्याच दोन पुस्तिका आहेत, आयआरसी ६४ ही ग्रामीण रस्त्यांसाठी आणि आयआरसी १०६ ही शहरी रस्त्यांसाठी. ६४ मध्ये दुचाकी ०.५, कार आणि रिक्षा १, ट्रक किंवा बस ३, आणि बैलगाडी ८. हो, ८, आणि हंगामात उसाच्या गाड्यांमागे अडकलेल्या कुणालाही तो आकडा पटेल. १०६ मध्ये गुणक एकच नसतो, त्या वाहनाचा एकूण संख्येत वाटा किती यावर तो ठरतो: वाटा ५ टक्के असेल तर दुचाकी ०.५, रिक्षा १.२, ट्रक-बस २.२, आणि वाटा १० टक्के किंवा जास्त असेल तर दुचाकी ०.७५, रिक्षा २, ट्रक-बस ३.७.

आता समजा पंधरा मिनिटांत एका चौकातून ४०० दुचाकी, ९० कार, ६० रिक्षा आणि ८ बस गेल्या. ग्रामीण गुणक लावले तर २०० + ९० + ६० + २४ म्हणजे ३७४. शहरी लावले तर दुचाकींचा वाटा ७२ टक्क्यांच्या आसपास म्हणून ३००, कार ९०, रिक्षा जवळपास ११ टक्के म्हणून १२०, बस दीड टक्का म्हणून १७.६, एकूण ५२८. रस्ता तोच, गाड्या त्याच, मोजणाऱ्या मुलांनी उन्हात उभं राहून टाकलेल्या टिकमार्कच्या रेघा त्याच, आणि उत्तरात १५४ चा फरक. एका आकड्यावर रस्ता ठीक आहे असं निघेल, दुसऱ्यावर फ्लायओव्हर पाहिजे असं.

म्हणून लेखात 'आयआरसीनुसार' एवढंच लिहिलेलं असेल तर सोडू नका. कुठली पुस्तिका, कुठला रकाना, आणि वाटा कुठल्या तासाचा धरला हे विचारा. २०१७चा इंडो-एचसीएम (भारतीय रस्त्यांची क्षमता काढायची पुस्तिका) वापरला असेल तर त्यातले गुणक वेगळे आहेत, दोन्हींची मिसळ करून एकच तक्ता बनवलेला मी पाहिलाय.

आणि एक, पीसीयू गाड्या मोजतो, माणसं नाही. वरच्याच आकड्यांत एका बसमध्ये ५० माणसं धरली तर ८ बसमधून ४०० जण गेले आणि त्यांनी रस्त्याचे १७.६ पीसीयू घेतले, एका कारमध्ये दीड माणूस धरला तर ९० कारमधून १३५ जण गेले आणि त्यांनी ९० घेतले. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात गाड्यांपेक्षा माणसांच्या ये-जा करण्याला महत्त्व द्यायचं असं स्पष्ट म्हटलंय, तेव्हा पीसीयूच्या शेजारी प्रवाशांचा एक रकाना मागणं हे तुमचं कामच आहे. पायी चालणाऱ्यांचं काय, ते प्रश्न १३ मध्ये.

७. सरासरी वेगात काय चुकू शकतं? बेरीज करून भागायचंच आहे ना?

तिथेच चुकतं. स्वारगेटहून कात्रजकडे ६ किलोमीटर ताशी २० ने गेलात आणि येताना ताशी ३० ने आलात, तर सरासरी २५ नाही. जाताना १८ मिनिटं, येताना १२, म्हणजे १२ किलोमीटरला अर्धा तास, सरासरी ताशी २४. फरक एकाचा दिसतो पण जिथे वेग फार वरखाली होतो, म्हणजे आपल्याकडे सगळीकडेच, तिथे तो वाढत जातो आणि लेखातला रस्ता खऱ्यापेक्षा वेगवान दिसायला लागतो. सिग्नलला थांबलेला वेळ धरलाय का हेही विचारा. आणि मीटर प्रतिसेकंदला ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर, हा एवढा गुणाकार प्रत्येक तक्त्यावर करून बघा, दोन मिनिटं लागतात.

८. 'पुण्यात माणसांपेक्षा गाड्या जास्त' हे वाक्य प्रत्येक लेखात असतं. ठेवायचं का?

जसंच्या तसं नाही. आरटीओचा आकडा बहुतेक वेळा आजवरच्या एकूण नोंदणीचा असतो. त्यात भंगारात गेलेली स्कूटर आहे, गावी नेऊन लावलेली गाडी आहे, दुसऱ्या जिल्ह्यात विकलेलीही असू शकते. एमएच १२ (पुणे) आणि एमएच १४ (पिंपरी-चिंचवड) या आरटीओंची हद्द महापालिकांच्या हद्दीशी जुळत नाही, आणि शिवाय शहरात रोज फिरणाऱ्या कितीतरी गाड्यांची नोंदणी बाहेरची असते. आकडा वापरा, पण 'अमुक तारखेपर्यंत नोंदणी झालेली वाहनं' असं लिहा आणि 'रस्त्यावर धावणारी' हा शब्द काढा. भागाकारात खाली घेतलेली लोकसंख्या कुठली हे पुढच्या प्रश्नात.

९. लोकसंख्या आणि घनता यात एवढं काय बघायचं? जनगणनेचा आकडा आहे की.

जनगणना २०११ची आहे, २०२१ची झालीच नाही. त्यात पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर आणि पिंपरी-चिंचवड, कँटोन्मेंट वगैरे धरून नागरी समूहाची ५० लाखांच्या आसपास. लेखक एकदा हा घेतात, एकदा तो. त्यात महापालिकेची हद्दच बदललीय, २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये २३ आली. म्हणजे २०११ची लोकसंख्या घेऊन आजच्या क्षेत्रफळाने भागलं तर पुणे एकदम विरळ वस्तीचं शहर दिसायला लागतं आणि 'बससेवेसाठी पुरेशी घनता नाही' असा निष्कर्ष निघतो. असा निष्कर्ष काढलेला मसुदा माझ्याकडे खरोखर आला होता, आणि लेखकाची नियत अगदी साफ होती, फक्त वरचं वर्ष आणि खालचं वर्ष वेगळं होतं.

१०. सर्वेची तारीख लेखात द्यायलाच हवी का?

हवीच. वार, तारीख, वेळ, पाऊस होता का, शाळा-कॉलेज चालू होतं का. पुण्यात गणपतीच्या दहा दिवसांत मध्यवर्ती पेठांमधले रस्ते बंद असतात आणि त्यांचा भार दुसरीकडे जातो, दिवाळीत अर्धं शहर गावी असतं, जूनमध्ये शाळा सुरू झाली की सकाळी साडेसहालाच वेगळी गर्दी. मे महिन्यात कॉलेजच्या रस्त्यावर केलेला सर्वे 'सामान्य दिवस' म्हणून मांडला तर तो सामान्य नाही. एका मोठ्या संस्थेच्या अहवालावरून लिहिलेला लेख मी हातावेगळा केला, छापून आला, आणि मग एका वाचकाने दाखवून दिलं की त्यातला सर्वेचा दिवस अनंत चतुर्दशीचा होता. अहवालात तारीख परिशिष्टात होती आणि मी परिशिष्ट उघडलंच नव्हतं. तेव्हापासून सगळ्यात आधी परिशिष्टच उघडते.

पीक अवर फॅक्टर (गर्दीच्या तासात गाड्यांचा ओघ किती एकसारखा होता ते सांगणारा आकडा) दिला असेल तर तोही करून बघा, तासाचा आकडा भागिले सगळ्यात गर्दीच्या पंधरा मिनिटांची चौपट. चार पंधरा मिनिटांचे ६२०, ७००, ७८०, ६६० असतील तर २७६० भागिले ३१२०, म्हणजे ०.८८. उत्तर कधीच १ च्या वर जात नाही आणि ०.२५ च्या खाली येत नाही, त्या बाहेर काही दिसलं तर तक्ता चुकलाय.

११. बस आणि मेट्रोची प्रवासीसंख्या कशी लिहावी?

'रोज इतके लाख लोक प्रवास करतात' असं लिहू नका, कारण मोजलेलं असतं ते गाडीत चढणं. धनकवडीहून एक बाई बसने स्वारगेटला आली, तिथून मेट्रोने शिवाजीनगरला गेली आणि संध्याकाळी तशीच परत आली, तर ती एकटी चारदा मोजली गेली. 'दैनंदिन प्रवासी फेऱ्या' लिहा. बसचा ताफा सांगताना डेपोत उभ्या असलेल्या धरल्यात की रस्त्यावर आलेल्या हेही स्पष्ट करा. आणि बसचा वाटा २० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर गेला तर वाढ ५ टक्के नाही, ५ टक्के-बिंदूंची आहे, टक्क्यांत सांगायचं तर २५ टक्के. हे एकदा कळलं की प्रत्येक लेखात दिसायला लागतं.

१२. अपघातांच्या आकड्यांत कुठे फसायला होतं?

तीन ठिकाणी. एक, 'अपघात', 'मृत्यू' आणि 'जखमी' हे एकमेकांच्या जागी वापरले जातात. २०२२ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे शंभर अपघातांमागे साधारण साडेछत्तीस मृत्यू. हे प्रमाण इतकं मोठं दिसण्यामागे एक कारण असंही आहे की किरकोळ अपघात पोलिसांत नोंदलेच जात नाहीत, तेव्हा परदेशी शहराशी तुलना करताना हे वाक्य लेखात असलंच पाहिजे. दोन, मृत्यू म्हणजे अपघातानंतर ३० दिवसांच्या आत झालेला, ही व्याख्या एकदा तरी यावी. तीन, 'ब्लॅक स्पॉट' हा शब्द वाटेल तिथे लावायचा नाही. राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, किंवा एकूण १० मृत्यू, अशी त्याची मोजपट्टी आहे. गल्लीतल्या धोक्याच्या वळणाला धोक्याचं वळण म्हणा.

आणि एवढे मोठे आकडे लिहिताना लाख-कोटी किंवा दशलक्ष, एकच पद्धत धरा.

१३. लेखात पायी चालणारे कुठेच नाहीत. लेखकाचा विषय तो नाही, मग मी सांगायचं का?

सांगायचं. रस्त्यावरून जाणाऱ्यांचा अख्खा एक गट तक्त्यात नसेल तर विषय काही असो, तक्त्याच्या नावात तरी 'पादचारी वगळून' लिहायला लावा. ते दोन शब्द लिहिताना लेखक स्वतःच थांबतो आणि विचार करतो, हा माझा अनुभव आहे.

एक प्रसंग सांगते. एका मसुद्यात लिहिलं होतं की सिंहगड रस्त्यावरच्या अमुक सिग्नलला पादचाऱ्यांना 'पुरेसा' वेळ मिळतो, १५ सेकंद. रस्ता १८ मीटर, चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायची पद्धत आहे, १८ भागिले १.२ म्हणजे १५, हिशोब चोख. तरी मला ते 'पुरेसा' टोचत होतं, म्हणून लेखकालाच म्हटलं चल जाऊन बघू. संध्याकाळची सहाची वेळ, एक आजी हातात भाजीची पिशवी घेऊन, पदर खोचून उभ्या होत्या. हिरवा माणूस लागला तरी डावीकडून वळणाऱ्या दोन गाड्या गेल्या, मग त्या उतरल्या, डिव्हायडरपाशी उंची होती तिथे पिशवी आधी वर ठेवली, मग पाय ठेवला, आणि पलीकडे पोचेपर्यंत मोबाइलवर २४ सेकंद झाले होते. शेवटची नऊ सेकंदं आजी सुटलेल्या गाड्यांसमोर होत्या. सेकंदाला पाऊण मीटर. लेखकाने तिथेच उभं राहून वहीत लिहून घेतलं आणि लेखात वयानुसार वेगाचा एक छोटा तक्ता आला, तो त्या लेखाचा सगळ्यात चांगला भाग झाला.

फुटपाथचंही तसंच. 'फुटपाथ २ मीटर रुंद' लिहिलेलं असतं, आणि त्यात विजेचा डीपी, झाडाचा पार, लावलेल्या दुचाकी गेल्यावर चालायला दोन फूट उरतात. आयआरसी १०३ मध्ये किमान १.८ मीटर मोकळी रुंदी म्हटलंय, मोकळी या शब्दाखाली रेघ मारा.

१४. चौकांची आणि रस्त्यांची नावं कुठली वापरायची?

अधिकृत नाव एकदा, लोकांच्या तोंडचं नाव एकदा, मग लोकांच्या तोंडचं. विद्यापीठ चौक म्हटलं की सगळ्यांना कळतं, आचार्य आनंदऋषीजी चौक म्हटलं तर पाटी बघावी लागते. महामार्गांचे नंबर मात्र नीट तपासा, २०१० मध्ये ते बदलले. मुंबई-बेंगळुरू जुना ४ तो आता ४८, सोलापूरचा ९ तो ६५, नाशिकचा ५० तो ६०. जुन्या संदर्भातून 'एनएच ४' उचललेलं असतं आणि शेजारच्या नकाशात ४८ असतं, वाचकाला वाटतं दोन वेगळे रस्ते आहेत.

१५. लेख चार-पाच वर्षांपूर्वी लिहिलाय, आता छापायचाय. काळ कसा बदलू?

प्रत्येक 'होणार आहे', 'प्रस्तावित', 'सध्या' शोधा आणि तारीख घाला. २०२१ च्या मसुद्यात मेट्रो होणार असते, प्रत्यक्षात पहिले दोन तुकडे ६ मार्च २०२२ ला सुरू झाले आणि स्वारगेटपर्यंतचा भुयारी भाग सप्टेंबर २०२४ मध्ये. विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला, चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला, तेव्हा आधीचा सर्वे असेल तर तसं लिहा, आकडे टाकाऊ होत नाहीत, ते 'आधीचे' होतात आणि तुलनेला उलट कामाला येतात. 'प्रस्तावित' शब्दाबाबत तर जास्तच जपा, एचसीएमटीआर हा उन्नत वर्तुळाकार मार्ग १९८७च्या विकास आराखड्यापासून प्रस्तावित आहे.

१६. लेखकाने बोगोटाशी तुलना करून 'पुण्यात बीआरटी फेल गेली' लिहिलंय. काय करू?

बीआरटी म्हणजे बससाठी वेगळी लेन राखून चालवलेली जलद बससेवा; ती 'फेल' म्हणजे काय ते लिहायला लावा. बस हळू झाल्या? प्रवासी घटले? अपघात वाढले? की कारवाले चिडले? पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर हा पथदर्शी मार्ग २००६च्या अखेरीस सुरू झाला, देशातला पहिला, आणि २०१५ मध्ये दुसऱ्या टप्प्यातले मार्ग वेगळ्या रचनेने आले, तेव्हा आधी कुठल्या बीआरटीबद्दल बोलतोय ते ठरवा. कुरितिबा १९७४, बोगोटा २०००, अहमदाबाद २००९, दिल्ली २००८ ला सुरू आणि २०१६ ला काढून टाकलेली, या सगळ्यांत एकच तीन अक्षरं असली तरी लेन सलग आहे का, थांबा बसच्या पातळीला आहे का, तिकीट थांब्यावरच काढता येतं का, हे सगळं वेगवेगळं आहे. एक तुलनेचा तक्ता मागा, तो भरताना लेखकाचं वाक्य आपोआप बदलतं.

१७. 'लोकांना शिस्तच नाही' हे कारण म्हणून चालेल का?

तांत्रिक लेखात नाही चालणार. ते मत आहे, आणि राँग साइडने येणाऱ्याचा राग मलाही येतो. पण लेखकाला विचारा की तिथून योग्य बाजूने जायचं तर यू-टर्न किती लांब आहे. दीड किलोमीटर लांब असेल तर रोज तीन किलोमीटरचा फेरा वाचवायला लोक उलटे येतायत हे कारण आहे, आणि त्याला रचनेचा उपाय असतो. किती जण आले, कुठल्या वेळी, कुठून कुठे, हे मोजलं असेल तर ठेवा, नुसतं विशेषण असेल तर काढा.

१८. 'रस्ता रुंद केल्यावर कोंडी सुटली' असं आकड्यांनिशी दाखवलंय. मग तर मान्य करायचं ना?

किती दिवसांनी मोजलं ते बघा. महिनाभरात मोजलं असेल तर सुटलेली दिसणारच. रस्ता मोकळा झाला की जे आधी बसने जायचे, वेळ टाळून जायचे, दुसऱ्या रस्त्याने जायचे ते या रस्त्यावर येतात आणि जागा भरते. नवा रस्ता जोडल्याने सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो हे डीट्रिच ब्रेस या जर्मन गणितज्ञाने १९६८ मध्येच दाखवून दिलंय, अर्थात ते प्रत्येक ठिकाणी लागू होतं असं नाही, म्हणून लेखकावर ते लादू नका. पुढचा चौकही मोजलाय का ते विचारा, कारण बऱ्याचदा कोंडी सुटत नाही, पुढच्या सिग्नलला जाऊन बसते. दोन्ही नसेल तर वाक्य असं करा: 'रुंदीकरणानंतर अमुक आठवड्यांनी या चौकात सरासरी विलंब इतका कमी आढळला.' तेवढं खरं आहे.

१९. नकाशे आणि फोटो?

भारताचा नकाशा असेल तर सीमा सर्वे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हव्यात, यात सूट नाही. फोटोत नंबरप्लेट आणि चेहरे पुसा. फोटोखाली ठिकाण, दिशा, वेळ लिहा.

२०. लेखक खूप सीनियर आहेत, दुरुस्ती सांगितली की 'मी चाळीस वर्षं हेच करतोय' म्हणतात. अशा वेळी?

आधी तुमच्या दुरुस्त्या दोन ढिगांत करा. शैलीच्या सोडून द्या, त्यांचं वाक्य लांब असेल तर असू दे. आकड्याच्या सोडू नका. पण 'हे चुकलंय' म्हणून फोन करू नका, 'सर, मला हा आकडा जुळत नाहीये, माझं कुठे चुकतंय ते सांगाल का' असं म्हणा आणि तुमचा हिशोब पाठवा, हाताने केलेला, पायऱ्यांसकट. एका निवृत्त अभियंत्यांशी पीसीयूवरून (प्रश्न ६ मधलीच भानगड) माझे तीन फोन झाले. तिसऱ्या फोनवर ते म्हणाले की तो रस्ता मी मोजला तेव्हा तो गावाबाहेरच होता गं, आजूबाजूला शेतं होती, म्हणून ग्रामीण गुणक. म्हणजे त्यांचंही बरोबर होतं. मग आम्ही तक्त्याला दुसरा रकाना जोडला, त्यांचे जुने आकडे शहरी गुणकांनी पुन्हा काढले, आणि वर्ष दोन्हीकडे लिहिलं.